अडीच फूट शासकीय चिखल

बाळांनो, डोळे मिटा आणि चिखलाची कल्पना करा. पायाला लागून लगेच सुटणारा पातळ चिखल नको. काळाभोर, घट्ट, अडीच फूट खोल, पाय बाहेर काढला तर चप्पल आत ठेवून घेणारा. झाला? इतक्यात? शाबास. याच कामाला शासनाचे अकरा दिवस गेले होते.

ज्या जिल्ह्याकडे चिखलातून जाणारे वाहन नाही, तो जिल्हा पूर्ण म्हणता येत नाही. हे सत्य फार जुने आहे. पण लातूर आणि नांदेडच्या कडा कापून नवा जिल्हा तयार झाला, तेव्हा ते प्रथम कागदावर आले. (नव्या जिल्ह्याच्या नावावर अजून एकमत झालेले नाही. म्हणून सगळी पत्रे ‘नवा जिल्हा’ याच नावाने निघतात आणि बहुतेक परत येतात.) वाटणीत नव्या जिल्ह्याला चाळीस कपाटे, त्यांतल्या एकतीस कपाटांच्या किल्ल्या आणि एक क्वाड बाईक मिळाली. क्वाड बाईक म्हणजे चार चाकांची मोटारसायकल. पुरात अडकलेल्या माणसांपर्यंत चिखलातून पोचण्यासाठी असते. चाके मात्र जुन्या जिल्ह्यांनी आठवण म्हणून ठेवून घेतली होती.

त्या वर्षी पूर येण्याची शक्यता कमी होती. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. उदगीरच्या रस्त्यावरच्या करडवाडीत पिण्याच्या पाण्याचा टँकर मागण्याचा अर्ज चाळीस दिवस सात टेबलांवरून फिरत होता आणि त्याची प्रकृती उत्तम होती. पण आज पूर नाही म्हणून उद्याची तयारी सोडणारे प्रशासन आपल्याला लाभलेले नाही, हे आपले भाग्य.

गाडी दुरुस्तीला करडवाडीच्या भीमाशंकर मिस्त्रीकडे आली. तिच्याबरोबर नव्या जिल्ह्याच्या चिखल कक्षाचे अव्वल कारकून शेषेराव आले. मिस्त्रीची मुलगी महादेवी सहावीत होती. सकाळी तीन मैलांवरून एक घागर आणायची आणि मग शाळा, असा तिचा दिवस. पण गाडी आली त्या दिवसापासून ती घागर घेऊनच गाडीपाशी बसू लागली.

भीमाशंकरने पॉवर टिलरची दातेरी टायरांची चाके बसवली. जुन्या जीपचे स्प्रिंगचे पाटे घालून गाडी वीतभर उचलली. रेडिएटर चिखलाने बुजू नये म्हणून हँडलपुढच्या कॅरिअरवर चढवला. इंजिनाला श्वास घ्यायला उभा पाइप लावला. तो पाइप गावातल्या कोरड्या बोअरचा होता, आणि त्यात हवा येण्याचा अनुभव त्याला आधीपासूनच होता.

“बाबा, चाकातली हवा का सोडून राहिलाव?” महादेवीने विचारले.

“म्हशीचं खूर बघितलंस का चिखलात? पसरतं. हवा कमी केली की चाक बी पसरतं. अन् एक ध्यानात ठेव, चिखलात जोर लावून जमत न्हाई. चाल धरायची अन् सोडायची न्हाई. थांबला तो बसला.”

गाडी तयार झाली, पण नमुना चारप्रमाणे चाचणी झाल्याशिवाय ती वाहन ठरत नव्हती. चाचणीसाठी अडीच फूट खोल आणि शंभर फूट लांब चिखल पाहिजे होता. तोही पावसाळ्याआधी, कारण पावसात घेतलेली चाचणी निसर्गाच्या मदतीने पार पडली असे समजून बाद होते. संपूर्ण जिल्ह्याची पाहणी झाली. सापडलेला चिखल: चाकूरच्या वाटेवर एका हापशाखाली, सव्वा इंच. (त्यात एक कुत्रे बसले होते. ते उठायला तयार झाले नाही.)

तेव्हा चिखल तयार करण्याचे ठरले. जागा करडवाडीचा कोरडा ओढा. पाण्याची मागणी ‘शासकीय चाचणीसाठी’ या सदरात असल्यामुळे तिला एकच सही लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा टँकर ओढ्यात उभे राहिले. करडवाडीने इतके टँकर एका वेळी कधी पाहिले नव्हते. शेजारच्या विठाबाई घागर घेऊन धावल्या.

“मावशी, हे पाणी चिखलाचं हाय,” शेषेराव समजुतीने म्हणाले. “पिण्याचं न्हाई.”

“चिखल व्हायच्या आधी तर पाण्याचंच हाय की, साहेब!”

“तसं म्हणलं तर मग सगळंच पाणी हाय, मावशी. नियम कशाला पाहिजेत?”

विठाबाई रिकाम्या घागरीने परत आल्या. महादेवी मात्र काठावर बसून बघत राहिली. टँकर उभे होते त्या वरच्या अंगाला काळी माती होती, पण वळणापलीकडे, तीस पावले खाली, वाळू होती. उन्हाळ्यात नदी-ओढ्याच्या वाळूत खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. आजूबाजूची ओल त्यात हळूहळू उतरते आणि वाळूतून गाळून येते. करडवाडीतल्या कुठल्याही पोरीला हे चालायला येण्याआधी येते. महादेवीने खोरे घेतले.

दुसऱ्या सकाळी चाचणीआधी शेषेरावांनी चिखलात काठी घातली. संध्याकाळी अडीच फूट होता, सकाळी दीड. सहा टँकर पुन्हा आले. तिसऱ्या सकाळी पुन्हा दीड. तीन जणांची समिती नेमली गेली. तिने चिखलाला मांडव घातला आणि घटीची कारणे नोंदवली: ऊन, पन्नास टक्के; जमिनीचा स्वभाव, तीस टक्के; कावळे, वीस टक्के. (एक कावळा एका वेळी दोन चमचे पाणी पितो, असे धरले होते. गावात कावळे चार होते.) समितीने ओढ्याचा प्रत्येक इंच तपासला, वळणापर्यंत. वळणापलीकडे चौदा बायका रांगेत घागरी भरत होत्या. पण तो भाग चाचणीक्षेत्राबाहेर असल्यामुळे समितीला दिसू शकत नव्हता.

भीमाशंकरला दिसला. तो झिऱ्यापाशी आला तेव्हा महादेवी वाटीने पाणी भरत होती.

“पोरी, तुझा झिरा माझ्या चिखलाखालून पाणी ओढून राहिलाय.”

“हाव. मग?”

भीमाशंकरने मागे ओढ्याकडे पाहिले, मग घागरींच्या रांगेकडे. “मग काही न्हाई. माती जवळ टाकू नको. लांब टाक, दिसतंय.”

अकराव्या दिवशी टँकर पहाटेच आले आणि समितीने वेळ न दवडता काठी घातली. अडीच फूट! भीमाशंकर गाडीवर बसला. गाडी चिखलात शिरली, नाक खाली गेले, इंजिन बुडाले, फक्त बोअरचा पाइप, रेडिएटर आणि कमरेवरचा मिस्त्री तेवढा दिसत राहिला. चाकांनी चिखल समितीच्या अंगावर समप्रमाणात उडवला. मध्यावर गाडी डगमगली. त्याने जोर लावला नाही, चाल धरली. आणि गाडी म्हशीसारखी फुरफुरत पलीकडे निघाली. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. विठाबाईंनीही वाजवल्या आणि मध्येच थांबल्या.

“महादेवी, झालं की गं. आता टँकर कशाला येतील? उद्या काय प्यायचं?”

शेषेरावांनी शिक्का काढला. त्यांचे हात चिखलाने भरलेले, म्हणून नमुना चार रोजच्यासारखा महादेवीने धरला होता. अकरा दिवस ती रकाने मोठ्याने वाचत होती आणि शेषेराव उत्तरे सांगत होते. शिक्का खाली येत होता. महादेवीने कागद पालटला.

“साहेब, मागच्या पानावर बी हाय.”

मागच्या पानावर लिहिले होते: ‘हीच चाचणी मागील (रिव्हर्स) गिअरमध्ये. चिखल ताजा असावा.’ शेषेरावांनी ते दोनदा वाचले. नमुना चार अस्तित्वात आल्यापासून ते पान कोणी पाहिल्याची नोंद नव्हती. पण छापलेले होते, आणि छापलेल्यापुढे शेषेराव कधी गेले नव्हते.

“मिस्त्री, मागचा गिअर चालतो ना?”

भीमाशंकरने मुलीकडे पाहिले नाही. “खोलावा लागंल, साहेब. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लागंल टाइम.”

“चिखल तोवर ताजा ठेवावा लागेल,” शेषेराव गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी रोज सहा टँकरांची मागणी लिहायला घेतली. एकच सही लागणार होती.

आता डोळे उघडा, बाळांनो. सुरुवातीला मी चिखल म्हटले आणि तुम्ही क्षणात अडीच फूट करून दिलात. पाणी कुणाच्या वाटणीचे घेतले, हे एकानेही विचारले नाही. शेषेरावांनीही विचारले नव्हते; त्यांना मात्र आपण हसलो, एवढाच काय तो फरक. वाईट वाटून घेऊ नका. महादेवी डोक्यावर चुंबळ, कमरेवर घागर आणि हातात खोरे घेऊन तुमच्या चिखलाच्या काठाशी आली आहे. तिने तीस पावले मोजली, इकडेतिकडे पाहिले, आणि खोदायला सुरुवात केली.