कारल्याचा गुण

सोनपेठच्या शाळेत शिकवणाऱ्या सिद्धोधन गुरुजींना पन्नाशीत झोप फार येऊ लागली. मुलांना वजाबाकी घालून दिली की ती सुटायच्या आत गुरुजी पेंगत. घरी आले की चिडचिड. परभणीच्या डॉक्टरांनी रक्त दोनदा तपासून सांगितलं, "टेस्टोस्टेरॉन कमी पडतंय. पुरुषांचं हार्मोन. इंजेक्शन सुरू करू." हार्मोनचं एक वेळ ठीक होतं, पण दाराबाहेर माणसं बसलेली असताना डॉक्टरांनी एवढ्या खणखणीत आवाजात बोलायची काय गरज होती, ते गुरुजींना कळलं नाही.

सुई कमरेत बसली होती. रात्री गुरुजी एका अंगावर भार टाकून जेवायला टेकले, तशी बबिताबाईंनी विचारलं, "असं वाकडं काहून बसायलात?"

"सुई घेतली."

"कशाची?"

खरं सांगितलं तर बायको हसणार आणि ते हसू गल्लीभर जाणार, याची गुरुजींना खात्री होती. त्यांनी त्यातल्या त्यात अब्रूदार आजार निवडला. "शुगर निघाली."

दुसऱ्या दिवसापासून भात गेला, गूळ गेला, चहातली साखर गेली आणि सकाळी उठल्या उठल्या कारल्याच्या रसाचा पेला पुढ्यात आला. पेला रिकामा होईपर्यंत बबिताबाई समोरून हलत नसत.

इकडे इंजेक्शनं लागू पडत गेली. काही महिन्यांत गुरुजींची झोप उडाली, चिडचिड गेली. ते मुलांबरोबर कबड्डी खेळू लागले. सुटलेली एसटी त्यांनी एकदा पळत जाऊन गाठली, ते तर अख्ख्या गल्लीने पाहिलं.

"कारल्याचा गुण हाय," बबिताबाई येईल त्याला सांगत. मग काय, घरोघरी मिक्सर फिरू लागले. मुख्याध्यापक भगवानराव शाळेत रसाचा थर्मास आणू लागले. गुरुजी गप्प बसले. भाजीने कुणाचं काय वाईट होणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

मग पोखर्णीहून फोन आला. बबिताबाईंचा भाऊ लिंबाजी, जो खरोखरच शुगरचा पेशंट होता, शेतात चक्कर येऊन पडला होता. नवरा-बायको तसेच निघाले. लिंबाजी बाजेवर पडला होता, उशाला रसाची बाटली.

"गोळ्या चालू हायेत ना?" बबिताबाईंनी विचारलं.

"दाजींकडं बघून सोडल्या की. डॉक्टर लय तापला, म्हणला शुगर भलतीच वाढली. पर मी कारलंच घेणार."

गुरुजींनी उशाची बाटली उचलून खाली ठेवली. लिंबाजीची बायको डोळ्याला पदर लावून उभी होती.

"लिंबाजी, गोळ्या घे. मला शुगर न्हाई."

"बघ ताई, गेली की न्हाई कारल्यानं?"

"नव्हतीच रे बाबा. मी पुरुषांच्या हार्मोनच्या सुया घेतो. परभणीला."

लिंबाजीने मुकाट्याने पाणी मागवून गोळी घेतली. मग हळूच विचारलं, "दाजी, डॉक्टरचं नाव काय म्हणलाव?"

परतीच्या एसटीत बबिताबाईंनी खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"मी हसले असते म्हणून सांगितलं न्हाई ना?"

गुरुजींनी मान हलवली.

"हसले असते जराशी. मंग गप बसले असते." पुढे त्या म्हणाल्या, "तुमी शाळेत गेल्यावर मीबी रोज एक पेला पिले."

"तू? तुला काय झालतं?"

"काय व्हायचंय? तुमी एकटेच कडू प्यायलात म्हणून मला चहा गोड लागंना."

गुरुजींना फार वाईट वाटलं. ते तिकिटाच्या घड्या घालत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबिताबाईंनी भरपूर साखर घालून एकच कप चहा केला आणि तो घेऊन त्या निवांत बसल्या. गुरुजींपुढे रसाचे दोन पेले होते.

"दोन?"

"एक माझ्या वाटचा."

"किती दिवस?"

"मी पिले तितके," बबिताबाई म्हणाल्या. गुरुजींनी पहिला पेला उचलला.