कंपनीनं सीट अजून खाली घेतलं

आमच्या न्हावरे गावच्या दत्तूआप्पांना एका मोटारसायकलची बारीकसारीक माहिती आहे. इंजिनाचा आवाज कसा, सायलेन्सर कुठल्या बाजूला, टाकीवरचा पट्टा कुठून कुठं. अडचण एवढीच, की ही गाडी अजून बाजारात आलेलीच नाही.

स्पष्टच लिहितो, या माणसावर मी जळतो. शिरूरची संध्याकाळची एसटी बंद झाली तेव्हापासून मी पत्रकं वाटतोय. ‘जागे व्हा’ने सुरू होणारी चार पत्रकं झाली. चौकात सभा लावली तर समोर सात माणसं, त्यातली दोन चहाची वाट बघणारी. आणि दहा पावलांवर आप्पांच्या बाकाभोवती तीस पोरं! ज्यांच्या बहिणी कॉलेज सुटल्यावर स्टँडवर ताटकळतात, तेच भाऊ इथं हेडलाइट गोल की चौकोनी यावर हमरीतुमरीवर येतात. वर आप्पा त्या गाडीचं चित्र काढतात तेही माझ्याच पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर. ‘कागद ब्येस हाय तुझा,’ असं एकदा म्हणाले. मजकुराबद्दल अवाक्षर नाही.

पोरं मोबाइलवर टेस्टिंगच्या झाकलेल्या गाडीचे फोटो आणतात. कुणी साडेतीनशे सीसी म्हणतं, कुणी चारशे. आप्पा सगळं ऐकून घेतात आणि फिरून मागच्या सीटवर येतात. ‘माणूस बसतो गाडीवर, इंजिन बसत न्हाई,’ हे त्यांचं पालुपद. त्यांच्या मते मागचं सीट रुंद येणार, धरायला दोन्ही बाजूंनी दांडी येणार, इंजिनाची थरथर औषधालाही नसणार. आणि सीटची उंची? ती सारखी बदलते. दिवाळीत एकतीस इंच होती, संक्रांतीला तीस, मग एकोणतीस. ‘कंपनीनं परत खाली घेतलं,’ एवढं जाहीर करून आप्पा चहा बशीत ओततात.

‘आप्पा, असंच चाललं तर पाय घासतील रस्त्याला,’ एकजण म्हणाला.

‘मंग बूट घाल.’

एसटीसाठी मी सह्या गोळा करत होतो, त्या कागदावर आप्पांचं नाव नव्हतं. परवा मी त्यांच्या घरी गेलो, तो भांडायच्याच तयारीनं.

अंगणात विटांचा चौथरा रचलेला. त्यावर भंगारातून आणलेलं मोटारसायकलचं सीट. आणि सीटवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, आप्पांच्या पत्नी शांताकाकू शेंगा सोलत बसलेल्या. आप्पा शेजारी उकिडवे, हातात टेप.

‘बसताना दुखलं का?’

‘बसताना न्हाई. उतरताना खुब्यात कळ येती.’

आप्पांनी त्यांना हाताला धरून उतरवलं, सीटखालून फरशीचा एक तुकडा काढला, टेप लावला आणि माझ्या पत्रकाच्या मागं आकडा लिहिला. साडेअठ्ठावीस.

दोन वर्षांपूर्वी काकू गोठ्यात घसरून पडल्या, तेव्हापासून आप्पांच्या जुन्या गाडीवर त्यांना बसता येत नाही, हे गावाला ठाऊक होतं. मलाही होतं. त्यांचं माहेर कवठे येमाई. दोन वर्षं भावाला राखी पोस्टानं जाते.

मी कागद पुढं केला. एसटी सुरू होईल, सही करा म्हणालो. काकूंनी सावकाश सही केली.

‘एसटी आली तरी तिची पहिली पायरी चढवत न्हाई रे मला. पन तू उनातानाचा फिरतुयास, म्हनून केली. भाचा जीप घिऊन येतो म्हनतो. मी म्हनलं, लग्नानंतर ह्यांच्या मागं बसून गेले, आताबी तशीच जानार.’

आप्पा टेप गुंडाळत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘चौकात बोलू नगंस.’

चार पत्रकं लिहिली मी. त्या पायरीबद्दल एकाही पत्रकात ओळ नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात आप्पांनी आकडा सांगितला. या वेळी पोरं हसलीच. एवढं खाली कोण बनवतं, आप्पा, काहीही फेकता, असं एकानं तोंडावर म्हटलं. आप्पांची बशी हातात तशीच राहिली.

मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला आणि सभेत लावतो तो आवाज लावला.

‘साडेअठ्ठावीसच. मलाही तेच कळलंय.’

तीसच्या तीस माना माझ्याकडं वळल्या. आप्पा बाकावर जरा सरकले आणि माझ्यापुरती जागा केली.