चष्म्यातले डोळे

आयकॉनवाल्यानं घरातले सगळे फोन गोळा केले, बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली आणि नळ सोडून ठेवला. कुणाला संशय येऊ नये म्हणून.

घरात हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या अ‍ॅपसाठी त्याला आयकॉन काढायचा होता. आधीचे सगळे साहेबांनी "हा कुठंतरी पाहिलाय" म्हणून परत पाठवले होते. "आता असा काढ, की माणूस एकदा बघून जन्मभर विसरणार नाही. नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

म्हणून त्यानं पिवळ्याजर्द चौकोनात काळा चष्मा काढला होता. आणि जरा जिवंतपणा यावा म्हणून चष्म्यात दोन डोळे. साहेबांनाही तो पाठवून दिला होता.

चाचणीची त्याची स्वतःची पद्धत होती. विचारलं की माणसं गोड बोलतात. अंगठा खोटं बोलत नाही. आयकॉन गुपचूप फोनात टाकायचा आणि मागं उभं राहून अंगठा कुठं थांबतो ते बघायचं.

सगळे फोन जागच्या जागी ठेवून तो बायकोच्या मागं उभा राहिला. तिचा अंगठा लगेच थांबला. तो खूश होऊन आणखी वाकला.

"मानेवर चुरा कसला सांडतोयस? परत माझी बिस्किटं?"

"छे! मी पंखा बघत होतो."

"पंखा वर असतो." तिनं फोन त्याच्या नाकासमोर धरला. "आणि हा कोण?"

खरं सांगितलं असतं तर चाचणी बाद झाली असती. "मला काय माहीत?" तो म्हणाला.

तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, माझ्याही फोनात आहे! मी ओटा पुसतेय, तरी टक लावून बघतोय मेला!"

सासऱ्यांनी आपला फोन टॉवेलात गुंडाळून कपाटात कोंडला आणि किल्ली अशा जागी लपवली की पुढं त्यांनाही ती सापडली नाही. "जावईबापू," ते म्हणाले, "एवढा वेळ नळ वाहत होता आणि तुम्ही कोरडे ठणठणीत बाहेर आलात. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

बायकोनं त्या डोळ्यांचा फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला: 'हे दिसले तर हात लावू नका.' इमारतीनं तो नातेवाइकांना पाठवला, नातेवाइकांनी मित्रांना. संध्याकाळपर्यंत त्याला 'फोन बंद असला तरी बघतात' एवढं शेपूट फुटलं होतं. वॉचमननं तर त्याची प्रिंट गेटवर चिकटवली.

मग साहेबांचा फोन आला. "माझ्या आईनं तुझा आयकॉन मला पाठवलाय. जपून राहा म्हणाली."

आयकॉनवाल्यानं घाईनं कोरा कागद पुढं ओढला. "साहेब, दुसरा काढतो."

"खबरदार! अख्ख्या शहराला पाठ झालाय. फक्त उघडायला कुणी धजत नाही. तेव्हा वस्तू शोधायचं राहू दे. आपलं ते चोर आला की भोंगा वाजवणारं अ‍ॅप आहे ना, त्याला हाच लावू. काम तुझंच."

त्यानं घरात सगळं कबूल केलं. सासूबाई हुश्श म्हणाल्या. सासरे कपाटाखाली किल्ली शोधत राहिले. बायकोनं मात्र शांतपणे एवढंच विचारलं, "म्हणजे हा दिसला की माणूस हात लावत नाही?"

"अजिबात नाही!" तो अभिमानानं म्हणाला.

"बरं."

सकाळी चहा घेऊन तो फळीपाशी गेला. बिस्किटांच्या डब्यावर पिवळाजर्द चौकोन चिकटवलेला होता. त्यानं मागं वळून पाहिलं. बायको पंखा बघत होती.

त्याचा अंगठा झाकणावर थांबला.