वच्छीकाकीच्या लेकी

वच्छीकाकीने एकदा का कोणाला भांडं दिलं, की त्या घरचं ती पाणीसुद्धा पीत नाही. भांडण नसतं, राग नसतो. उलट त्या घरी ती पहिल्यापेक्षा जास्त जाते. ओट्यावर टेकते, भांड्याची चौकशी करते, आणि आतून चहाचं विचारलं की दोन्ही हात वर करून म्हणते, "नको हो, लेकीचं घर आहे."

लेक म्हणजे ते भांडं. माणसातली लेक काकीला नाही. एक मुलगा आहे, अविनाश. तो वापीला कंपनीत आहे आणि तिथेच राहतो. अण्णा, म्हणजे काकीचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. चिकूची वाडी आता दुसरे बघतात. काकी एकटी असते आणि तिच्यासोबत तिचं सामान असतं.

डहाणूजवळच्या आगर गावात, आमच्या आळीत तिचं घर माझ्या घराला लागून आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते घर तसंच पाहिलं. पाहुण्याला बसायला खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर दुसरी खुर्ची होती आणि तिच्यावर चिकूच्या रिकाम्या करंड्या. माजघरातून जायचं तर अंग चोरून जावं लागे. बिनझाकणाचे डबे एका फळीवर, बिनडब्यांची झाकणं दुसऱ्या फळीवर, आणि कधी ना कधी यांची जोडी जमेल अशी काकीची खात्री. छत्रीच्या काड्या होत्या, कंदिलाच्या काचा होत्या, अण्णांच्या चपला होत्या.

"काकी, या तर तुटल्यात," मी एकदा धीर करून म्हटलं.

"पट्टा गेलाय. तळवा बघ. जीव आहे अजून."

हे तिचं ठरलेलं बोलणं. गळक्या बादलीत जीव होता, दांडा गेलेल्या झाऱ्यात जीव होता. एकदा समोरच्या सुमनवहिनी तापाने पडल्या होत्या, तेव्हा काकीने त्यांचं मनगट धरून तेच म्हटलं. वहिनी त्या दिवशी उठून बसल्या.

खरं तर या भांड्यांना एके काळी फार मान होता. आळीत लग्न निघालं की आधी काकीकडे माणूस यायचा. मोठी पातेली, पराती, घंगाळं, भाताचे झारे, सगळं तिच्याकडचं. माझ्या लग्नातला भातही त्याच पातेल्यात शिजला. कोणत्या भांड्याला कुठे पोचा आहे हे काकीला पाठ असायचं, आणि लग्न उरकलं की ती दारात उभी राहून एकेक भांडं हात फिरवून आत घ्यायची. आता डहाणूहून केटरर येतो. त्याची भांडी त्याच्यासोबत येतात आणि त्याच्यासोबत जातात. काकीची पातेली माळ्यावर बसून राहिली. तिने त्यांच्या सोबतीला बाकीचं सामान ठेवलं असावं, असं मला आपलं वाटतं.

श्रावणात माळ्याची फळी वाकली. गोणपाटं, करंड्या, दोन पातेली, सगळं धडाधड खाली आलं ते थेट पुढच्या दारामागे. दार उघडेना. काकी आत, आळी बाहेर.

"काकी, लागलं का हो?" सुमनवहिनी खिडकीतून ओरडल्या.

"मला कुठे लागतंय! पातेल्याला पोचा आलाय."

वहिनींच्या मिस्टरांनी दार ढकलून ढकलून एक माणूस जाईल एवढी फट केली. पण बाहेर यायच्या आधी काकीने ती दोन पातेली फटीतून बाहेर दिली.

रविवारी अविनाश आला. माळा बघून तो घाबरलाच होता, पण बोलला रागाने. "आई, आता पुरे. दिवाळीला टेम्पो घेऊन येतो. सगळं भंगारात."

"सगळं?"

"तुला लागतं तेवढं ठेव. तवा, कुकर, दोन-चार भांडी. बाकी माळा रिकामा. उद्या डोक्यात काही पडलं तर मला कळणारसुद्धा नाही."

"एकदम नको रे. रोज एक काढते."

"रोज एक? माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत चालेल ते."

"चालू दे की. लग्नाला भांडी लागतीलच."

अविनाशला हसू आलं, तिथेच तो थोडा हरला. ठरलं असं की दिवाळीपर्यंत काकीने हवं तसं, हवं त्याला द्यावं. उरेल ते टेम्पोत.

तो गेल्यावर काकी माझ्याकडे येऊन बसली. मग म्हणाली, "भंगारवाला भांडं आधी चेपतो गं, बाय. उभं भांडं जागा खातं ना, म्हणून पायाने चेपतो. मी बघितलंय."

दुसऱ्या दिवसापासून तिचं काम सुरू झालं. सकाळी माझ्याकडे चहा घ्यायचा, मग घरी जाऊन एक वस्तू काढायची. चिंच लावून घासायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, आत मूठभर तांदूळ घालायचे आणि पदराखाली घेऊन निघायचं. पण त्याआधी स्थळ बघणं असे. घरात माणसं किती, भांडी कोण घासतं, काथ्याने घासतं की तारेने, सगळी चौकशी. एका घरची सून आदळआपट करते एवढ्यावर काकीने ठरलेली कळशी परत आणली. दुसऱ्या घरी "आमच्याकडे जागा नाही हो" म्हणाले, तर काकी ओट्यावरून उतरता उतरता म्हणाली, "मुलगी पसंत नाही म्हणा की सरळ!"

घंगाळ सुमनवहिनींना गेलं. काही दिवसांनी काकी बघायला गेली तर वहिनींनी त्यात माती भरून कोरफड लावलेली. काकीचा चेहरा उतरला. मग तिने घंगाळाभोवती एक फेरी मारली आणि स्वतःचीच समजूत घातली, "मातीत हात घालावा लागतोय पोरीला. पण दारात बसवलंय, कोपऱ्यात नाही."

धान्य मोजायचं पितळी माप नाक्यावरच्या गुजराती शेठाणीला गेलं. शेठाणी बिचारी रोज हाक मारायची, "काकी, थोडी चा तो लो ने!"

"ना बेन, दीकरीनुं घर छे," काकी म्हणायची आणि पुढे चालू लागायची.

ही रीत कुठली, असं मी विचारलं होतं. तिचे वडील वाणगावचे. तिचं लग्न झाल्यावर ते तिला भेटायला यायचे ते पिशवीत मिरच्या आणि हातात पाण्याने भरलेला तांब्या घेऊन. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून स्वतःचं पाणी स्वतः आणायचे. ओट्यावर बसायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे, लेक कशी आहे बघायचे आणि निघायचे. "मी आत चहा ठेवायची नेहमी," काकी म्हणाली. "ते पीत नाहीत माहीत होतं. तरी ठेवायची. मग मीच प्यायची, ते वळणापलीकडे गेल्यावर."

सगळ्यात मोठं पातेलं उधवा गावी गेलं. जानकी पूर्वी चिकू उतरवायला वाडीत यायची, तिच्या घरी. त्यांच्या पाड्यावर अजून लग्नाचा भात घरची माणसंच शिजवतात, म्हणून काकीला ते स्थळ फार आवडलं. पातेलं गेलं आणि काकीला राहवेना. ऐन ऑक्टोबरच्या उन्हात ती उधव्याला जायला निघाली. मलाही ओढून नेलं.

जानकीने पातेलं उपडं घालून ठेवलं होतं आणि त्यावर कोंबडी बसली होती. काकी खूश झाली. पण पाण्याचा तांब्या पुढे आला तसे तिचे हात वर.

"काकी, तुझी लेक बरी हाय," जानकी म्हणाली, "पन तू तहानेनं मरशील ना!"

"मरत नाही. जीव आहे अजून."

"मग त्या आंब्याखाली बस आन् पी. आंबा काय माझ्या घरात नाय."

काकीने आंब्याकडे बघितलं, विचार केला आणि मान हलवली. "सावली तुझ्याच अंगणात पडते."

जानकी इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मी मात्र पाणी प्याले, अगदी दोन तांबे. आगरात परत आल्यावर काकी स्वतःच्या घरी न जाता सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरली. आधी पाणी, मग चहा, मग पुन्हा चहा.

दसरा उलटला आणि आळीत काकीची लेक नाही असं घर सापडेना. फक्त माझं होतं. चमचासुद्धा माझ्याकडे आला नव्हता.

मला वाईट वाटत होतं. मी कोणाला बोलले नाही. मला बोलायला जमत नाही, आणि हे बोलायचं तरी कसं? पण चहा गाळताना मनात यायचं, की मीही तारेने घासत नाही. मीही आदळआपट करत नाही. माझ्यात काय कमी बघितलं हिने? आणि मला हवी होती ती वस्तूही मोठी नव्हती. काकीची लाकडी काठवट. मी नवी नवरी होते तेव्हा मला तांदळाची भाकरी यायची नाही, सासूबाईंच्या धाकाने ती आणखीच मोडायची. काकी मला तिच्याकडे बोलवायची, काठवट पुढे ओढायची आणि म्हणायची, "मोडू दे. मोडली तर आपण दोघी खाऊ." कितीतरी मोडक्या भाकऱ्या आम्ही दोघींनी चुलीपाशी बसून खाल्ल्या. मधोमध झिजून काठवटीला खळगा पडला होता. आता काकीचं मनगट दुखतं, भाकरी थापवत नाही, म्हणून काठवट भिंतीला टेकून उभी होती.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माळा रिकामा झाला. डब्यांना झाकणं मिळाली, नाही मिळाली ती तशीच गेली. अण्णांच्या चपला काकीने चिकूच्या झाडाखाली पुरल्या. अविनाशचा टेम्पो यायचा त्या सकाळी बाहेर मोडक्या खुर्च्या आणि पत्रे होते आणि घरात ती काठवट.

काकी माझ्याकडे बसली होती. मी पाठ तिच्याकडे करून उभी होते. समोरासमोर मला बोलता आलं नसतं.

"काकी, काठवट मला द्या ना."

मी गाळणं धूत राहिले.

"मी सांभाळीन. तेल लावून ठेवीन."

"नाही," काकी म्हणाली.

मी वळले. डोळ्यांत पाणी आलंच होतं, ते लपवता आलं नाही. "सगळ्यांना दिलं तुम्ही. माझंच घर वाईट का?"

काकीने कप खाली ठेवला. "वेडी आहेस का गं, बाय? सगळीकडे मी मुलीची आई म्हणून बसते. पायरीच्या कडेला, जपून. घसा कोरडा पडला तरी हसून. एक घर तरी राहू दे मला, मांडी घालून बसायला." मग जरा थांबून म्हणाली, "ती काठवट तुझीच होती. म्हणूनच तर कोणाला देववली नाही. पण तुला दिली तर उद्या सकाळी मी जाऊ कुठे?"

टेम्पोचा हॉर्न वाजला.

काकी उठली. तिने काठवट पुसली, हळदकुंकू लावलं, तांदूळ घातले आणि स्वतःच्या हाताने टेम्पोपाशी नेली. अविनाश म्हणाला, "आई, ही राहू दे ना घरात."

"ठरलं ते ठरलं. मला आता थापवत नाही."

टेम्पोवाला तलासरीकडचा होता. तो काठवट हातात घेऊन म्हणाला, "काकी, लाकूड भंगारात चालत नाय. फेकून देतील." मग त्याने ती उलटीसुलटी करून बघितली. "मी नेऊ का घरी? आमच्याकडे नागलीच्या भाकऱ्या असतात रोज."

काकी एकदम ताठ झाली. "बायको आदळआपट करते?"

"माझ्यावर करते. भांड्यांवर नाय."

"घर कुठे? एसटी जाते?"

"दारापर्यंत नाय. फाट्यावरून चालावं लागतं."

"चालीन," काकी म्हणाली. काठवट तिने सीटवर ठेवायला लावली, मागे पत्र्यांत नाही.

टेम्पो गेला. अविनाश आत झाडू मारायला लागला. काकी अंगणात थोडी उभी राहिली, मग माझ्या स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला पाठ लावून, ऐसपैस मांडी घालून बसली.

"घरात आता आवाज घुमतो गं," ती म्हणाली. "कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते."

मी पातेल्यात दूध थोडं वाढवलं आणि आलं ठेचायला घेतलं.