वजनात भरलेली कॉट

"कॉट निवडायला डोकं लागत नाही, पाठ लागते!" रविवारी सकाळी चहा पिता पिता इंद्रजितनं जाहीर केलं. "मी स्वतः झोपून बघणार. मग फसवून दाखवा म्हणावं मला!"

त्याच्या बायकोनं, सुनयनानं, नुसती जांभई दिली. देणारच! कोपरखैरण्याच्या त्या दोन खोल्यांत वर्षभर कुणाला पुरती झोप म्हणून मिळाली नव्हती. शिवतेज सात वर्षांचा, राजलक्ष्मी पाचची, आणि आतल्या खोलीत दोघांत एक पलंग. तो झोपेत लाथा मारायचा, ती झोपेत चावायची! मग रडारड, मग आईबापांची वरात. परवा तर सुनयनानं डब्यात पोळ्यांऐवजी कणकेचा गोळाच भरून दिला. आणि कारखान्याच्या ऑफिसात बसून इंद्रजितनं तो निम्मा खाल्लासुद्धा!

"आज कॉट आली नाही," सुनयना शांतपणे म्हणाली, "तर मी संध्याकाळच्या एसटीनं माहेरी निघाले. कोरेगावला. झोपायला."

"आणि मुलं?"

"मुलं तुमच्याजवळ."

इंद्रजितनं चहा अर्धाच ठेवून चपला चढवल्या. तो तडक तुर्भ्याला निघाला.

पोपटशेठचं फर्निचरचं दुकान म्हणजे एक जुनी शेड. आत गारवा, ओल्या पॉलिशचा वास आणि डोक्यावर कण्हत फिरणारा पंखा. शेठनं कोपऱ्यातली कॉट दाखवली. दिवसा दिवाण, रात्री तिच्या पोटातून दुसरी कॉट ड्रॉवरसारखी सर्रकन बाहेर. दोन पोरांना दोन बिछाने. हवेला बाजूनं जाळी आणि लांबी अशी, की पोरं कॉलेजात गेली तरी पुरेल.

"शेवटचा पीस हाय, साहेब! बघा निवांत," म्हणत शेठ जेवायला गेला.

इंद्रजित आधी वरच्या मजल्यावर लवंडला. झकास! मग खालच्यात उतरला. त्याहून झकास! अंगानं तो म्हणजे सुका बोंबील, ड्रॉवरमध्ये अगदी मापात बसला. पंख्याचं वारं जरा झोंबत होतं, म्हणून त्यानं तिथलीच चादर ओढली, तीही डोक्यावरून. डोकं झाकल्याशिवाय त्याच्या घराण्यात कुणी डोळा मिटत नसे.

आणि मिटल्या डोळ्यांनी तो बघू लागला. आपलं घर रात्रीचं गपगार झालंय. शिवतेज वर, राजी खाली, लाथ मारली तरी हवेत. सुनयना गॅलरीत बसून चहा पितेय, गरम असतानाच पितेय. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांखालचं काळं गेलंय... कुठनं तरी पाण्याचा आवाज येऊ लागला. भरती आली वाटतं खाडीला! येऊ दे की. इंद्रजित होडीत पडून होता, होडी आपली आपण चालली होती, आणि घाई कशाचीच नव्हती.

इकडे दुकानात बाबासो आले! बाबासो म्हणजे मार्केटातले कांदा-बटाट्याचे व्यापारी, मूळचे सांगलीकडचे, राहायला ऐरोलीत. त्यांनाही दोन नातवंडं, त्यांचाही दोघांत एकच पलंग. पण बाबासोंचा जन्म काट्यापाशी गेलेला. माल वजनात भरला तर खरा, नाहीतर खोटा!

"प्लायवूडची दिसतीया," त्यांनी नाक मुरडलं. "फुंकलं तर उडंल."

"अस्सल सागवान हाय, मालक!" जेवून आलेला पोपटशेठ म्हणाला. त्यानं खालचा ड्रॉवर पायानं आत लोटला. चादरीखालचा उंचवटा त्याला दिसला, पण दुकानातल्या उशा तिथंच कोंबायची त्याची सवय! आणि आधीचं गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं, असं तो धरून चालला होता. "सदू, जरा उचलून दाखव."

सदू हमालानं एका बाजूनं हात घातला. कॉट हलेना! त्यानं "जय बजरंग" म्हटलं. तरी हलेना!

पोपटशेठनं तोंडाचा आ केला आणि घाईघाईनं मिटला. बाबासोंचे डोळे मात्र पाणावले. "आरं तिच्या मारी! वजन बघा मालाचं! बांधा!"

चौघांनी कण्हत-कुंथत कॉट टेम्पोत चढवली. रस्त्याला जागोजाग खड्डे. होडीतल्या इंद्रजितला वाटलं, आई पाळणा हलवतेय. त्यानं कूस बदलली.

ऐरोलीत गोजराबाईंनी, म्हणजे बाबासोंच्या कारभारणीनं, कॉटला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि कॉटशेजारच्या फरशीवर नारळ आपटला. फाडकन!

"सुनयना, दार वाजतंय," कॉट म्हणाली.

गोजराबाईंच्या हातची उदबत्ती गळाली. धाकट्या नातवानं भीतभीत ड्रॉवर ओढला. चादर हळूहळू उठून बसली!

"आगं बया बया! माणूस हाय ह्यात!"

"आजी, हा आपल्यालाच ठेवायचा?" नात आनंदानं ओरडली.

इंद्रजितनं चादर काढली. समोर अनोळखी भिंत, अनोळखी माणसं, आणि नारळ. त्यानं हात जोडले. "माफ करा, मी कॉट निवडत होतो..."

बाबासोंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग त्यांच्या मनात भलतीच शंका आली.

"पावनं, जरा बाहीर या बघू."

इंद्रजित बाहेर आला. बाबासोंनी कॉटची एक बाजू धरली, आणि नुसत्या एका हातानं कमरेइतकी उचलली!

"म्हंजी वजन तुमचं हुतं व्हय?" त्यांनी कॉट खाली आदळली. "चाळीस वर्सं मार्केटात काढली, कुणी फसवलं न्हाई मला! आन् आज..."

"पण झोप फार सुंदर लागते हो," इंद्रजित कळवळून म्हणाला.

"मला झोप न्हाई, माल पायजे! न्या हिला! पोपटशेठकडं मी बघतो!"

इंद्रजितला तेवढंच हवं होतं! त्यानं कॉटचे पैसे जागच्या जागी बाबासोंना मोजून दिले. टेम्पो दारातच होता. उन्हं उतरली होती, एसटीची वेळ होत आली होती. या खेपेला तो ड्रायव्हरशेजारी बसला आणि डोळे ताणून जागा राहिला.

घरी सुनयना पिशवी घेऊन उंबऱ्यातच उभी होती. तिनं टेम्पो पाहिला, कॉट पाहिली, नवऱ्याच्या गालावरचा चादरीच्या घडीचा वळ पाहिला.

"दिवसभर होता कुठं?"

"झोपून बघत होतो," इंद्रजित म्हणाला. काय खोटं होतं त्यात?

कॉट आत लागली. पोरं "मी वर! मी वर!" करत धावली. सुनयनानं त्यांना हातानं थोपवलं. "थांबा. आधी मी बघते. दोन मिनिटं."

तिनं पिशवी उशाला घेतली आणि पाठ टेकली. एकदा लांब श्वास सोडला. पुढचं वाक्य तिच्या ओठांवरच राहिलं.

पोरं चवड्यांवर मागं सरली. इतकी गाढ झोपलेली आई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती! इंद्रजितला एकदम भरून आलं. इतकी दमली होती बिचारी, आणि आपल्याला वाटत होतं, ती चिडलीय. त्यानं दार हळूच ओढून घेतलं, खिचडी करपवली, आणि तिघं स्वयंपाकघरात चटईवर आडवे झाले. पोटात शिवतेजच्या लाथा आणि दंडाला राजीचे दात! पण इंद्रजितनं हूं की चूं केलं नाही.

सोमवारी सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा सुनयना उठली. चेहरा कसा धुतल्यासारखा! चटईवर चुरगळलेल्या नवऱ्याकडे तिनं कितीतरी दिवसांनी प्रेमानं पाहिलं.

"अहो, छान निवडलीत हं कॉट!" ती म्हणाली. "आता येत्या रविवारी मुलांसाठीपण एक बघून या."