याकूबभाईच्या गाडीचं तेल

रोह्याच्या याकूबभाईकडं गाडी विकत घ्यायला माणूस आला की तो किंमत सांगत नाही. आधी खुर्ची देतो, चहा देतो, बशीत फणसाचं सांदण ठेवतो, आणि मग मुलीचा बाप आलेल्या स्थळाला विचारतो तसा घसा खाकरून विचारतो, "तेल कंचं घालाल?"

गिऱ्हाईक गोंधळतं. "कुठलं तेल?"

"इंजिनाचं. डोक्याचं मी विचारत नाय."

निम्मे इथंच उठतात.

गाडी म्हणाल तर पालथ्या घातलेल्या टोपासारखी गोल, रंगानं मोरपंखी. इंजिन मागं, डिकी पुढं. पाण्याचा रेडिएटर तिला नाहीच. वाऱ्यावर आणि तेलावर इंजिन थंड राहतं. याकूबभाईनं अर्धं आयुष्य कुवेतच्या गॅरेजात काढलं, आणि परत आल्यावर मुंबईच्या एका पारशाकडून ही गाडी घेतली. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद. "हिला पाणी नाय, मिस्त्री. हिला तेलच आईबाप."

मिस्त्री म्हणजे मी. पेणला एस्टी स्टँडच्या मागं माझं गॅरेज होतं. शाळा चौथीत सोडली, पण ट्रक वळणाच्या पलीकडं असतानाच त्याच्या इंजिनात काय दुखतंय ते मी सांगायचो. आजही सांगेन. पण माझ्या दारात कधी कोणी पुण्याहून आलं नाही. याच्या दारात येतात. काळे चष्मे लावून येतात, मोठे कॅमेरे घेऊन येतात. गाडीबरोबर फोटो काढतात, मग याकूबभाईबरोबर काढतात. मी शेजारी उभा असलो तर म्हणतात, "काका, जरा बाजूला."

तरी मी जातो. पेणहून रेल्वे धरतो. निडी स्टेशन सुटलं की पोटात जळजळ सुरू होते, ती रोह्याला त्याच्या अंगणात पोचेपर्यंत वाढत जाते. बायको म्हणते, "अवो, जळायलाच जायचं तर तिकीट कशाला काढता? घरात बसून जळा."

बाईमाणसाला काय सांगणार? जळायला समोर वस्तू लागते.

तेल निवडण्याची त्याची तऱ्हा बघायला मात्र तिकीट काढावं. पिशवीत एक मंगलोरी कौल घालून हा पेणच्या बाजारात येतो. तेलाच्या दुकानासमोर कौल उन्हात तापवत ठेवतो, स्वतः छत्री धरून बाजूला बसतो. कौल तापलं की तिरकं धरायचं, आणि दोन पन्हळींत दोन तेलांचे थेंब सोडायचे. जे पाण्यासारखं पळालं ते नापास. "हे बघा, पळपुटं!" असं तो दुकानदाराच्या तोंडावर म्हणतो. मग उरलेलं दोन बोटांत चोळतो, वास घेतो, डोळे मिटतो. दुकानदार हातातलं गिऱ्हाईक टाकून त्याच्या डोळे उघडण्याची वाट बघतो. मी त्याच दुकानातून इतकी वर्षं तेल नेलं, माझ्या डोळ्यांकडं कोणी बघितलं नाही.

अशा माणसाच्या परीक्षेत पास होणार कोण? अलिबागच्या एका बंगलेवाल्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं, "एकदम महागातलं, फुल सिंथेटिक घालीन." याकूबभाईचा चेहरा असा झाला, जणू जावई म्हणाला मी फक्त महागातली दारू पितो. "ते नव्या गाड्यांचं पातळ पाणी! हिच्या पोटात टिकंल काय?" दुसऱ्या एकानं चाळीस नंबरचं जाड तेल सांगितलं. "चूक. वीस-पन्नास." पुढच्या महिन्यात कोणीतरी वीस-पन्नास सांगितलं. "चूक. चाळीस." मला वाटलं, ऋतूप्रमाणं बदलत असेल. विचारलं नाही. त्याला विचारून शिकायचं म्हणजे माझ्या गॅरेजची आणि माझी, दोघांची मान खाली.

गेल्या महिन्यात पनवेलहून एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या दिवशी याकूबभाईचा मुलगा इम्तियाज कुवेतहून फोनवर हजर होता. फोन चहाच्या किटलीला टेकवून ठेवला होता, त्यात त्याचं तोंड दिसत होतं. बाई खुर्चीत बसल्याच नाहीत. सरळ गाडीच्या मागं गेल्या, झाकण उघडलं, तेल मोजायची पट्टी ओढून तेल बोटावर घेतलं आणि हुंगलं. 

"तेल कंचं घालाल?"

"वीस-पन्नास. आपल्याकडच्या उन्हाला तेच बरं. माझ्या वडिलांची अशीच होती."

"चूक. चाळीस."

"चाळीसही चालेल. पण वीस-पन्नासमध्ये चूक काय, ते सांगा ना."

याकूबभाईनं सांदणाची बशी पुढं सरकवली.

"बदलताना इंजिन गरम का थंड?" त्यानं दुसरं विचारलं.

"गरम. आणि खालची जाळी काढून धुवायची. तेल अडीच लिटर, जास्त नाही."

फोनमधून इम्तियाज म्हणाला, "अब्बा, बाईंना सगळं येतंय. देऊन टाका आता."

याकूबभाईनं कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडं बघितलं. "मिस्त्री, तुमी बोला."

इतक्या वर्षांत मला कोणी तिथं बोल म्हणालं नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? ही बाई गाडी घेऊन पनवेलला जाणार, आणि मला ती बघायलाही मिळणार नाही. याच्या दारात राहिली तर एक वेळ चालेल. हिच्या? नाय.

"बाई," मी म्हणालो, "तेल ओतणार कोण?"

"माझा मेकॅनिक. चांगला आहे."

"म्हंजे तुमी नाय."

"मला दवाखाना असतो हो, काका."

"मग राहिलं. परक्याच्या हातचं तेल ह्या गाडीला चालत नाय."

याकूबभाईनं मांडीवर थाप मारली. "मिस्त्री बोलले ते बरोबर!"

आयुष्यात पहिल्यांदा तो मला बरोबर म्हणाला, आणि तेही मी वाटेल ते बरळलो तेव्हा. बाई हसल्या, सांदण खाल्लं, चांगलं झालंय म्हणाल्या आणि गेल्या. "अब्बा, असं किती दिवस चालणार?" इम्तियाजनं विचारलं. "चांगला माणूस मिळंपातूर," म्हणून यानं फोन बंद केला.

मग मी विचारलंच. "याकूबभाई, बाईचं सगळं बरोबर होतं. चाळीस खरं का वीस-पन्नास?"

"दोन्ही चालतात."

"मग?"

तो कप गोळा करायला लागला. "पोरगा म्हणतो, गाडी विका, घराला कुलूप लावा आणि हिकडं या. चांगला हाय पोरगा. त्याला नाय कसं म्हणू? म्हणून गाडी विकतोय. विकली जात नाय, त्याला मी काय करू?"

"जा की! सून हाय, नातवंडं हायत. एसीत बसा."

"फातिमा हितं हाय ना," तो म्हणाला.

फातिमा त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

"नदीकडच्या कब्रस्तानात. मी दर जुम्म्याला जातो, जरा बसतो. मी गेलो तर तिच्याकडं बसणार कोण, मिस्त्री?"

बोलायला लागू नये म्हणून मी बशीतला उरलेला तुकडा तोंडात टाकला. माझ्यामागं माझी बायको असं कुठं येऊन बसेल का, असा विचार मनात आला, आणि पहिल्यांदाच मी गाडी सोडून दुसऱ्या गोष्टीवर जळलो.

परवा त्याचा फोन आला. "मिस्त्री, रविवारी पुण्याचे दोघं येतायत. तुमी येता ना?"

"येतो," मी म्हणालो. "पण कंचं तेल चूक हाय ते आधी ठरवून घ्या. ह्या वेळी घोळ नको."