टाळूला लावायचं बिस्कीट

सोपानतात्यांनी दिलेलं बिस्कीट चावायचं नसतं. ते जिभेवर ठेवायचं, जिभेने टाळूला लावायचं आणि गप्प बसायचं. ते विरघळेपर्यंत तात्या समोर उभे राहून आपल्या तोंडाकडे टक लावून बघत असतात. चुकून कुणाच्या दाताखाली काही वाजलं तर त्यांचा चेहरा पडतो. "वाजलं का?" एवढंच विचारतात. वाजलं असं कबूल केलं, की ताटली उचलून आत जातात आणि उरलेली बिस्किटं कोंबड्यांना घालतात.

मला हा धडा बारामतीत पाऊल ठेवलं त्याच दिवशी मिळाला. मुलींच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. सामान अजून टेम्पोतून उतरत होतं, तेवढ्यात धोतर, पांढरी टोपी आणि हातात ताटली असा एक उंच म्हातारा दारात येऊन म्हणाला, "बाई, चावू नगा." सकाळपासून मी चहासुद्धा घेतला नव्हता. चावायला अंगात त्राण तरी हवं ना!

तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुठल्या चारीला कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे त्यांचं काम. नोकरी संपली तरी पाळी संपली नाही. दूधवाल्याची पाळी, झाडू मारायची पाळी, बातम्यांची पाळी. बिस्किटं वाटायची तर ती, कालव्याच्या शेवटच्या टोकाला आधी पाणी द्यावं तशी, नेहमी शेवटच्या माणसापासून. "टेलला आधी. हेडवाला काय, कसाबी पितोच." एका साखरपुड्यात या नियमाने नवरदेवाच्या वडिलांपर्यंत पोचेतो डबा रिकामा झाला होता. तात्यांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "पुढच्या पाळीला."

बिस्किटाचा इतिहास असा. तात्यांचे वडील इंग्रजांच्या काळात कालव्यावरच्या बंगल्यात खानसामा होते. बंगल्यावरच्या साहेबाची म्हातारी आई विलायतेहून आली होती आणि तिच्या तोंडात एकही दात नव्हता. चहाबरोबर बिस्कीट तर पाहिजे, पण चावता येत नाही. तेव्हा वडिलांनी हा मऊ प्रकार काढला. म्हातारी खूश, साहेब खूश. साहेब गेला, राज्य गेलं, बिस्कीट राहिलं. "बापानं आमाला जमीन न्हाय ठिवली," तात्या म्हणत, "ह्यो मऊपना ठिवला."

मैदा, घरचं लोणी, पिठीसाखर, थोडं आंबट दही, चिमूटभर सोडा आणि ईडलिंबाची किसलेली साल. अंगणातलं ईडलिंबाचं झाड त्यांनी स्वतः लावलेलं. किसणी मात्र माझी, कारण त्यांची "धार गेल्याली". साल किसताना फक्त वरचा पिवळा पापुद्रा घ्यायचा. खालचं पांढरं लागलं की घाणा कडू. किसताना त्यांच्याशी बोललेलं चालत नसे, आणि मी बोलत असे, त्यामुळे आमची जोडी सुरुवातीला काही जमली नाही.

खरा तमाशा बेकरीत व्हायचा. तेव्हा आपलं सामान घेऊन बेकरीत जायचं, तिथल्या भट्टीत बिस्किटं भाजून घ्यायची आणि डबा भरून घरी आणायचा, अशी सगळ्यांचीच पद्धत होती. दिवाळीच्या आधी तर बायकांची ही रांग लागे. प्रत्येकीला बिस्कीट खुसखुशीत हवं. तात्या तेवढे भट्टीच्या तोंडाशी उभे राहून ओरडत, "काढा! दार उघडा! पाळी झाली!"

"तात्या, कच्ची हायत अजून," बेकरीवाले रफिकभाई म्हणत.

"तुमाला कच्ची दिसत्यात. काढा!"

रफिकभाईंनी पुढे एक युक्ती केली. तात्यांचा ट्रे ते सगळ्यांत शेवटी घ्यायचे, बायका घरी गेल्यावर. ही फिकट बिस्किटं आपल्या भट्टीतून निघाली हे कुणी पाहू नये म्हणून! तात्यांना वाटे, आपल्याला मान देऊन निवांत वेळ दिली आहे.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की म्हातारा गमतीशीर आहे, एकटा आहे, करतोय बिस्किटं. बायको गेलेली, मुलगा चिंचवडला कंपनीत, वेळ जात नसेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण तात्या बिस्किटं वेळ घालवायला करत नव्हते. भांडायला करत होते.

भांडण होतं थोरल्या भावाशी. ते आबा. राहायला बावड्याला, इंदापूर तालुक्यात. आबांनी स्वतः घेतलेल्या मळ्यात मोसंबीची झाडं होती आणि आबा हेच बिस्कीट मोसंबीची साल घालून करत. वडिलांचं खरं बिस्कीट मोसंबीचं, असं आबांचं म्हणणं. वडिलांचं खरं बिस्कीट ईडलिंबाचं, असं तात्यांचं.

वाद पेटला तो वडिलांच्या दहाव्याला, बावड्याजवळ नीरेच्या काठावर; तेव्हा दोघे भाऊ तिथेच राहत. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. म्हाताऱ्याची काय इच्छा राहिली असेल, यावर जमलेल्यांनी बराच खल केला. कुणी विडी ठेवून पाहिली, कुणी नातवाला सांभाळायचा शब्द दिला. शेवटी एक जण म्हणाला, "आरं, त्यांचं बिस्कीट ठिवा की." झालं. दोघे भाऊ आपापल्या घरी पळाले आणि चुलीवर, तव्यावर जमेल तसं भाजून बिस्कीट घेऊन आले. दोन्ही पिंडाशेजारी ठेवली. कावळा आला, त्याने झडप घातली, एक उचललं आणि गेला. त्या घाईत राहिलेल्या बिस्किटाला पंख लागून ते नदीत पडलं. दिसायला दोन्ही सारखीच.

"कावळ्यानं लिंबाचं नेलं," तात्या सांगत. "ह्या डोळ्यांनी बघितलं."

आबांचेही डोळे तिथेच होते आणि त्यांनी मोसंबीचं नेलेलं बघितलं होतं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. लग्नकार्यात भेट झालीच तर पाठीला पाठ लावून बसत.

पण बोलणं टाकलं म्हणजे सांगणं टाकलं असं नव्हे. बारामतीहून बावड्याला जाणाऱ्या एसटीवर जगताप नावाचे कंडक्टर होते. घाणा झाला, की तात्या पत्र्याचा डबा घेऊन स्टँडवर जात आणि डब्यासोबत निरोप देत. आबा चाखत, नावं ठेवत, आणि आपला डबा व निरोप परतीच्या गाडीने धाडत. जगताप तो निरोप सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात, एक शब्दही न गाळता पोचवत.

"तात्या, आबा म्हनत्यात, लिंबू भांडी घासायला चांगलं. बिस्कीट घासायला कुनी सांगितलं?"

"त्याला सांगा, मोसंबी सलाईन लावल्याल्या मानसाला देत्यात. धडधाकट मानूस खात न्हाय."

"आबा म्हनत्यात, अवंदा दही ताजं हुतं. आंबट दही परवडंना का?"

"सांगा त्याला, पेरू खाऊन खाऊन इंदापूरकरांची जीभ दगड झालीया."

जगताप दोन्ही डब्यांतलं एकेक बिस्कीट हक्काने खात आणि दोन्ही भावांना, तुमचंच बरं आहे, असं सांगत. असा निःपक्ष माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी एकदा तात्यांना म्हटलं, की कोपऱ्यावर एसटीडी बूथ आहे, बावड्यात आबांच्या शेजारी फोन आहे, काय ते एकदाचं बोलून टाका. तात्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, मीटर पळताना भांडन हुतं व्हय?"

मग एका हिवाळ्यात डबा घेऊन गेलेले जगताप रिकाम्या हाताने परत आले. आबांना इंदापुरात दवाखान्यात ठेवलं होतं. फुप्फुसात पाणी झालं होतं आणि डॉक्टरांनी घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. पण निरोप होता, आणि या खेपेला जगताप आवाज उतरवून बोलले. "आबा म्हनत्यात, हितं जो येतो त्यो मोसंबीच घिऊन येतो. दवाखान्यात लिंबं घिऊन कोन आलंय का, इचारा तात्याला."

तात्या तडक स्टँडवरून निघाले. घरी आले, झाडावरची ईडलिंबं काढली आणि किसणी मागायला माझ्या दारात उभे राहिले.

मला राहवलं नाही. "तात्या, अहो, आता तरी त्यांचं होऊ द्या. मोसंबीची करून न्या. मी मंडईतून आणून देते."

तात्या किसणीची धार अंगठ्याने बघत होते. "आन् मोसंबीची नेली, की त्यो काय समजंल?"

"समजतील, की भावाने मानलं."

"न्हाय, बाई. समजंल, की आपलं काय आता खरं न्हाय."

त्या दिवशी ते किसत असताना मी बोलले नाही.

रविवार होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. खरं सांगायचं तर या वयात त्यांना एकटं पाठवायला मला धीर झाला नाही. अंथुर्णे गेलं, इंदापूर आलं, तरी तात्या मांडीवरच्या डब्यावर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते. डबा अजून कोमट होता.

आबा उशांना टेकून बसवलेले. तात्यांसारखंच नाक, तात्यांसारखेच कान, अंगावर मांस नाही. स्टुलावर मोसंब्यांचा ढीग. तात्यांना पाहून त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या संगं कोन आलंय, त्यांना बसायला सांगा."

"त्यांना सांगा, आमी बसायला न्हाय आलो," तात्या मला म्हणाले आणि कॉटवर, आबांच्या पायाशी बसले.

माझी कंडक्टरकी सुरू झाली. दोघांच्यात हातभर अंतर, आणि मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करत होते. मी बिस्कीट आबांच्या हातात दिलं. हात तोंडापर्यंत जाईना, म्हणून तात्यांनी मनगट धरलं. ते सोडायचं मात्र विसरले. आबांनी बिस्कीट जिभेवर ठेवलं, टाळूला लावलं आणि डोळे मिटले. पलीकडच्या कॉटवरचा पेशंटसुद्धा उठून बसला. विरघळायला बराच वेळ लागला, कारण तोंड कोरडं होतं.

"बाई," आबा म्हणाले, "त्यांना सांगा, भट्टीत जरा जास्त ऱ्हायलं. आन् वास सगळा भांडी घासायच्या साबनाचा."

मी तात्यांकडे पाहिलं. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"जीभ चालतीया म्हना की अजून," तात्या म्हणाले. "सांगा त्यांना, बरं हून बावड्याला जा आन् करून दावा. पुढच्या पाळीला बघू."

"बघू," आबा म्हणाले. हा एक शब्द त्यांनी माझ्याकरवी पाठवला नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "तात्या, खरं सांगा. कावळ्याने कुठलं नेलं होतं?"

"कुनाला दिसलंय?" ते म्हणाले. "आन् कुठलंबी नेलं असंल. बाप दोनी घालायचा की. बंगल्याच्या बागंत त्या दिवशी जे पिकलं असंल ते."

"आबांना माहीत होतं हे?"

"त्यानंच बापाला झाडावर चढून काढून दिल्यात. त्याला न्हाय ठावं?"

 मग इतकी वर्षं हे कशासाठी?

तात्यांना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. "बाई, आमी दोगं मुखदुर्बळ. बाप व्हता तवर बापाशी बोलायचो. त्यो गेल्यावर एकमेकांशी काय बोलनार? बरं हाय का, बरं हाय. दोन शब्दांत संपलं असतं. ह्ये भांडन हुतं म्हून डबा तरी जात-येत ऱ्हायला."

आबा त्याच आठवड्यात गेले. दहाव्याला तात्यांबरोबर गेलेल्या जगतापांनी मला सांगितलं, कावळा लगेच शिवला. 

पुढे बरेच दिवस किसणी माझ्याकडेच राहिली. उन्हाळा लागला तेव्हा एके दिवशी तात्या ती न्यायला आले, आणि संध्याकाळी ताटली घेऊन दारात उभे राहिले. मी कणीक मळत होते. हात धुतले, बिस्कीट जिभेवर ठेवलं, टाळूला लावलं. मऊ, लिंबाचा वास नाकापर्यंत चढणारा, कडूपणाचा मागमूस नाही. इतकं सुरेख बिस्कीट त्यांनीसुद्धा कधी केलं नव्हतं.

"छान झालंय, तात्या," मी म्हटलं. "अगदी छान."

त्यांनी मान हलवली. "रफिकभाईबी छान म्हनला. जगतापबी छान म्हनला." त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली. "समदे छानच म्हनत्यात, बाई. कुनीतरी नावं ठिवा की."

 मी मोठ्यांदा म्हटलं, "सोडा जास्त झालाय. जिभेला लागतोय चांगलाच."

तात्यांची मान ताठ झाली. "सोडा?"

"सोडाच. आणि साखर हात आखडून घातलीय."

"तुमाला सोडा कळतो व्हय? कालच्या आलेल्या तुमी! चुना खाऊन आला असाल, जीभ भाजली असंल, आन् नाव सोड्याला?" बोलता बोलता ते उंबरठ्यावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सांगा, कुठं लागतोय? जिभंच्या शेंड्याला लागतोय का मागं लागतोय?"

मी तव्याखालचा गॅस बंद केला आणि पाट ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मागं," मी म्हटलं.